सीडी ड्राइव्हवरचं '५२एक्स' म्हणजे सेकंदाला किती एमबी?

थोडक्यात: साधारण ८ एमबी. पण कागदावर.

हिशेब असा. १एक्स म्हणजे गाण्यांची सीडी ज्या वेगाने वाजते तो वेग: सेकंदाला ७५ सेक्टर (सेक्टर म्हणजे सीडीवरच्या डेटाचा एक ठराविक तुकडा). डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट मावतात, म्हणजे ७५ × २०४८ = १,५३,६०० बाइट. १०२४ ने भागलं की बरोबर १५० केबी. त्याला ५२ ने गुणा, ७,८०० केबी, म्हणजे ७९,८७,२०० बाइट. हजाराच्या हिशेबाने ७.९९ एमबी, १०२४ च्या हिशेबाने ७.६. दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात ते यामुळेच, कुणी चुकलेलं नसतं.

आता गोम. ५२एक्स हा कमाल वेग आहे आणि तो फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेला मिळतो. तबकडी एकाच गतीने फिरते, त्यामुळे आतल्या बाजूला वाचणाऱ्या हेडसमोरून कमी डेटा सरकतो. तिथे वेग निम्म्याहूनही कमी असतो. आणि सीडी आतून बाहेर भरते! अर्धी भरलेली सीडी ५२एक्स कधी बघतच नाही.

डीव्हीडीचा 'एक्स' वेगळा बरं का: १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ केबी (हजाराच्या हिशेबाने), सीडीच्या नऊपट.

ड्राइव्ह जुन्या यूएसबी १.१ ला जोडणार असाल तर ५२एक्स विसरा. १२ मेगाबिट भागिले ८, म्हणजे दीड एमबी, तोही फक्त कागदावर. तिथे दहाएक्ससुद्धा गाठणार नाही.

साटाच्या (ड्राइव्ह संगणकाला आतून जोडायची पद्धत) १.५ गिगाबिटला मात्र ८ ने भागू नका, १० ने भागा. प्रत्येक बाइटमागे तारेवरून १० बिट जातात, म्हणून १५० एमबी.