खारघरच्या आमच्या वसतिगृहात ठिकठिकाणच्या मुली आहेत. त्यांचं जेवणाशी बिनसू नये म्हणून आधीच काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मराठी, मल्याळी, गुजराती, मणिपुरी अशा मुली एकत्र राहतात, दोघीतिघी डाएटच्या नावाखाली ताट टाळायला लागल्यात, म्हणून आहारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवायचा विचार आहे. कळकळीने सांगते, व्याख्यान नको. वजन घटवायला उलट्या काढणं, गोळ्या घेणं यांचे 'धोके' सभागृहात सांगितले की ऐकणाऱ्या एखादीच्या हाती नवी युक्तीच पडते.

त्याऐवजी सात-आठ जणींचे गट करा आणि चार आठवडे, आठवड्याला तासभर बसवा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'बॉडी प्रोजेक्ट'ची ही पद्धत आहे. तिथल्या निरनिराळ्या वंशांच्या मुलींवर ती तपासली गेली आहे आणि उपयोगी ठरली आहे. तिच्यात 'बारीक म्हणजेच सुंदर' याविरुद्ध मुली स्वतःच बोलतात. तोंडाने एक आणि मनात दुसरं असं झालं की मनातलं ढिलं पडायला लागतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा : 'आमच्या घरी छान दिसणारी म्हणजे कशी?' याद्या वेगळ्या निघतील. कुठे गोरा रंग, कुठे लांब केस, कुठे अंगाने भरलेली. 'स्थळं बघायचीत, जरा कमी कर' हे मात्र बहुतेक भाषांत सापडेल. मग विचारा, ही यादी पाळायला काय काय मोजावं लागतं आणि फायदा कुणाचा होतो? पुढच्या बैठकींत धाकट्या बहिणीला पत्र लिहायचं, डाएटचा हट्ट धरलेल्या मैत्रिणीला समजावण्याचा प्रसंग करून बघायचा. गटात वजनाचे आकडे कुणी बोलायचे नाहीत, आणि यायची सक्ती नको. रेक्टर म्हणून तुम्ही स्वतः बसू नका, मुली तुम्हाला आवडेल तेच बोलतील. दोन मोठ्या मुलींना तयार करा.

'आमच्याकडे भरलेलीच मुलगी आवडते' यावर विसंबू नका. फिजीतही तसंच होतं. 1995 मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. 1998 मध्ये पाहणीतल्या 11.3 टक्के शाळकरी मुलींनी वजनासाठी उलटी काढल्याचं सांगितलं. आधीच्या पाहणीत अशी एकही नव्हती.

मेसमधला वजनकाटा उचला. क्लासहून उशिरा येणारीचं ताट झाकून ठेवा. मणिपुरी मुलीला गोडसर आमटी जात नसेल तर तो आजार नव्हे. तिला चालेल असं काहीतरी रोज असू द्या.

उपवासाचं जपून. सोमवार, पर्युषण, रोजे यांना हात लावू नका, पण उपवास सुटतो कसा ते पाहा. सोडायची वेळ झाली तरी जी जेवत नाही, घरी कुणी करत नाही असे वार जिचे वाढत चाललेत, खिचडीतले दाणे वेचून कडेला सारून बोटांचं तूप जी कागदाला पुसते, तिच्याकडे लक्ष हवं. आणि आशियाई मुलींपैकी बऱ्याच 'जाड होईन' असं म्हणतच नाहीत. 'पोट फुगतं', 'अ‍ॅसिडिटी होते', 'भूकच मेली' असं म्हणतात. म्हणून महिनोन्‌महिने नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालतात. वजन ठीक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, उलट्या करणाऱ्या कित्येकींचं वजन ठीकच असतं.

पाळी तीन महिने चुकली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांखाली गाल सुजलेत, जेवल्याबरोबर बाथरूम गाठते, यातलं काही दिसलं तर तिला एकटीला गाठून म्हणा, 'चार दिवस तू जेवायला दिसली नाहीस, मला काळजी वाटते. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतेस?' 'किती वाळलीस' म्हणू नका. आजारी मुलीला ती शाबासकी वाटते. आधी फिजिशियन : नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, पोटॅशियम, ईसीजी. चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडतंय म्हणाली तर उद्यावर टाकू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टीत न्या. बरेच दिवस उपाशी असलेलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर येतं. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा. मग मानसोपचारतज्ज्ञ. खाजगी परवडत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीखेरीज इतर भारतीय भाषांतही बोलता येतं. तो मेसच्या दारावर लावू नका, बाथरूमच्या दारांवर आतून लावा; तिथे कुणाच्या नजरेत न येता उतरवून घेता येतो.