शेपटीला चाक असलेली छोटी विमानं उतरतानाच का भरकटतात?

आपण विचारलंय की बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात फायरफ्लाय, एचटी-२ ही विमानं शेपूट टेकून बसलेली दिसली. अशा ठेवणीच्या छोट्या खाजगी विमानांना उतरतानाच इतके अपघात का होतात, चालवणारे नवशिके असतात म्हणून का?

मी वास्कोचा. परदेशात शिकताना पायपर कब हे शेपटीला चाक असलेलं दोन सीटचं छोटं विमान चालवलं आहे. नवशिकेपणाचं कारण मला पटत नाही, मुरलेल्या वैमानिकांच्या हातूनही हे होतं. विमानाची ठेवणच तशी आहे.

संग्रहालयात परत गेलात तर एचटी-२ ला बाजूने बघा. मुख्य चाकं पुढे, आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. शेजारच्या सी हॉक या जेट विमानाचं तिसरं चाक नाकाखाली आहे, तिथे वजन मुख्य चाकांच्या पुढे पडतं. सुपरमार्केटची ट्रॉली सरळ ढकलली तर मुकाट जाते. तीच उलटी करून जोरात सोडा, चार पावलांत गर्रकन फिरते. टेलड्रॅगर, म्हणजे शेपटीला चाक असलेलं विमान, ही कायम उलटी धावणारी ट्रॉली. नाक जरा वळलं की मागचं वजन ते आणखी वळवतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

माझ्या हातून झाला तेव्हा डावीकडून वारा होता. तिन्ही चाकं एकदम टेकली. मी खूश झालो आणि रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलांवरचे पाय सैल सोडले. तिथेच चुकलं. वेग उतरला की रडरवरून जाणारी हवा कमी होते, पेडल दाबूनही पूर्वीसारखी पकड मिळत नाही, वारा मात्र तेवढाच असतो. कबमध्ये एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो. जमिनीवर नाक वर, समोरचं काही दिसत नाही. धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून धरून सरळ राहायचं. डावी कड माझ्याकडे सरकतेय हे कळून उजवा पाय दाबेपर्यंत विमान डावीकडे फिरलं होतं. उजव्या पंखाचं टोक डांबराला घासलं. उतरून पाहिलं तर कापड फाटून आतली लाकडी कमान उघडी पडली होती. कुणाला लागलं नाही, पण ते बघून पोटात खड्डा पडला. गवत असतं तर टायर थोडे घसरले असते आणि बहुधा निभावलं असतं. डांबर टायर सोडत नाही.

दुसरा धोका उसळीचा. विमान जोरात टेकलं की मागचं वजन शेपूट खाली खेचतं, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उठतं. घाबरून स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे लोटली की प्रोपेलर जमिनीला लागतो. अशा वेळी पॉवर देऊन सरळ पुन्हा वर जावं, त्यात कमीपणा नाही.

१९५६ साली सेसना या विमान कंपनीने आपल्या १७० या टेलड्रॅगरच्या नाकाखाली चाक देऊन १७२ हे विमान काढलं, आणि खाजगी वैमानिक तिकडे वळले ते यामुळेच.

आपल्या दाबोळी विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. एप्रिल-मेच्या दुपारी वायव्येचा वारा तिच्यावर तिरका येतो. जेटला त्याचं विशेष काही नाही, पण रिकामं असताना जेमतेम साडेतीनशे किलो भरणाऱ्या कबला तो ढकलतो. तेव्हा वाऱ्याकडचा पंख थोडा खाली धरून त्याच बाजूचं चाक आधी टेकवायचं, आणि टेकल्यावर स्टिक पोटाशी ओढून धरायची.

शिकायला जाणार असाल तर एक सांगतो. त्या प्रकारानंतर माझ्या शिक्षकांनी मला दुसऱ्या दिवशी उडूच दिलं नाही. तासभर नुसतं विमान जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायला लावलं आणि स्वतः पुढच्या सीटवरून माझे पाय थांबले की हाक मारत राहिले.