मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, हेल्मेटला काळी काच बसवावी का?

नको. निदान काळ्या काचेवर काम भागेल अशा समजुतीने तरी बसवू नका.

तुम्ही लिहिलंय की कामावरून परतताना रस्ता सरळ पश्चिमेला जातो, सूर्य बरोबर नाकासमोर असतो आणि पुढचं वाहन अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. एक मित्र म्हणतो काळी काच लाव, दुसरा म्हणतो पोलराइज्ड गॉगल घे. तुमचा तो पहिला मित्र मी चांगला ओळखते. तोच नसेल, पण त्याच पठडीतले एक आमच्या घरात आहेत. माझे धाकटे दीर.

भाऊजींची काच काळी आणि तिच्यावर निळसर चकचकीत मुलामा. समोरच्याला त्यात स्वतःचं तोंड दिसतं. माझी काच साधी, पारदर्शक, आणि वरच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपची आडवी पट्टी. वायरला गुंडाळतात तीच टेप. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, हेल्मेटचं पंक्चर काढलंत का?" सगळं घर हसलं. तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सूर्य समोर असताना दिसत नाही ते केवळ उजेड जास्त असतो म्हणून नव्हे. भर दुपारी त्याहून कितीतरी जास्त उजेड असतो आणि रस्त्यावरचा खडा न् खडा दिसतो. संध्याकाळी सूर्य थेट नजरेच्या रेषेत येतो. त्याचा उजेड काचेत आणि डोळ्याच्या आतही पसरतो, आणि समोरच्या सगळ्यावर पांढुरका पडदा चढतो. आता काळी काच काय करते? सूर्य निम्मा करते आणि रस्ताही निम्मा करते. तो पांढुरका पडदा आणि त्याच्यामागची गाडी, दोन्ही सारखीच मंद. डोळे मिचकावणं थांबतं, कपाळ दुखत नाही, गार वाटतं, हे सगळं मान्य. पण दिसायला जेवढं दिसत होतं तेवढंच दिसतं. टेपची पट्टी फक्त सूर्य झाकते. हनुवटी जराशी आत घेतली की सूर्य पट्टीआड गेला, आणि खालचा रस्ता पूर्ण उजेडात.

हे मी भाऊजींना पुष्कळदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, महागडी हेल्मेटं बनवणारे काय वेडे आहेत?"

तर एका संध्याकाळी आम्ही दोन गाड्यांवर परतत होतो. भाऊजी पुढे, मी मागे. दोन्हीकडे मोकळं माळरान, रस्ता मावळतीकडे आखल्यासारखा सरळ, सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दोन बोटं वर. मी पट्टीआडून चालवत होते. भाऊजींच्या मागच्या चाकाने उडणारी बारीक खडीसुद्धा मला दिसत होती. पुढे माळ संपून दाट झाडी सुरू झाली, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि आत एकदम सावली. त्या सावलीत रस्त्याच्या कडेला एक ट्रॉली उभी होती. कडेला म्हणजे निम्मी रस्त्यावरच. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि लोखंडी सळया फळीच्या बाहेर हातभर आलेल्या. मला आधी नुसता चौकोनी ठोकळा दिसला, मग सळयांची टोकं.

भाऊजींचा ब्रेकलाइट काही लागेना. मी हॉर्न वाजवला. लागेना. मग हॉर्न दाबूनच धरला. तर त्यांना वाटलं वहिनींना पुढे जायचंय! मोठ्या मनाने त्यांनी हात हलवून "या" म्हटलं आणि गाडी कडेला घेतली, म्हणजे बरोबर ट्रॉलीच्या मागे. सावलीत शिरल्यावर त्यांना ती दिसली असावी, कारण मग ब्रेक असा लागला की मागचं चाक लॉक होऊन गाडी तिरकी सरकत गेली. पडले नाहीत. सळईचं टोक आणि त्यांची ती निळी काच यांच्यात एक हात राहिला असेल.

काच वर करून पहिलं वाक्य काय म्हणाले माहीत आहे? "असा हॉर्न वाजवू नका हो, लक्ष जातं."

घरी पोचल्यावर ही हकिगत "असला ब्रेक मारला मी" या नावाने सांगितली गेली. मी तेव्हा गप्प बसले. इथे बसणार नाही. तो ब्रेक छान होता यात शंका नाही, पण तो मारायची वेळ काळ्या काचेने आणली. भगभगीत उजेडातून सावलीत शिरलं की डोळे सरावायला वेळ घेतात, आणि ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या पुढे जाते. त्यात काचेने मुळातच निम्म्याहून जास्त उजेड खाल्लेला. युरोपातल्या ईसीई २२.०५ या हेल्मेटच्या जुन्या मानकात ५० टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी काच चालतच नव्हती, आणि ८० टक्क्यांच्या खालची असेल तर ती फक्त दिवसा वापरायची अशी खूण तिच्यावर असावी लागायची. भाऊजींच्या काचेवर मी शोधलं. कसलीच खूण नव्हती.

दुसरी गोष्ट चऱ्यांची. आमच्या वादात हीच कायम बाजूला राहते. भाऊजी रोज सकाळी गाडी पुसतात आणि त्याच फडक्याने, कोरडीच, काचही पुसतात. काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, आघाताला चिवट पण ओरखड्याला मऊ. त्यावरची धूळ कोरडी घासली की दर वेळी बारीक चरे पडतात. सावलीत काच धरून बघाल तर नितळ वाटेल. संध्याकाळी सूर्याकडे धरा, पण थेट सूर्याकडे न बघता जरा बाजूला बघा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रिंगणं दिसतील. चरे उभे, आडवे, कसेही असले तरी दिसतात ते गोलच, कारण उजेडाकडे तोंड करून असलेले तेवढेच चमकतात. तो पांढुरका पडदा बराचसा या जाळ्यातून तयार होतो. अशी काच काळी असो की पारदर्शक, बदलायची. चरे पुसून जात नाहीत, पॉलिश वगैरे करून वरचं कठीण आवरण मात्र जातं. नवी काच आणली की दर वेळी पुसताना आधी ओलं मऊ कापड पाच मिनिटं तिच्यावर ठेवून किडे आणि धूळ भिजू द्यायची, मग साबणाच्या पाण्याने अलगद. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही नको. आणि आतून पुसायला विसरू नका, तिथे श्वासाचा तेलकट थर बसतो आणि समोरच्या उन्हात तोही चमकतो.

टेप कशी लावायची ते नीट सांगते, कारण चुकीची लावून लोक टेपलाच नावं ठेवतात. हातात हेल्मेट घेऊन लावू नका. हेल्मेट घालून, पट्टा आवळून, गाडीवर नेहमीसारखे बसा आणि लांबवर रस्त्याकडे बघा. कुणाला तरी काचेवर, तुमच्या नजरेच्या रेषेच्या वर, खूण करायला सांगा. पट्टीची खालची कड तिथे यायला हवी. साधारण दोन-अडीच सेंटीमीटर रुंदी पुरते, पण बसण्याची ढब आणि हेल्मेट यांवर ते ठरतं. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर जास्त रुंद लावलीत तर रस्ताच झाकला जाईल. टेप बाहेरून, काच साबणाने धुऊन वाळवल्यावर, मधून कडांकडे दाबत. टोकं काचेच्या कडेच्या आत संपवा, बाहेर आली की वारा त्यांना उचलतो. खाकी पॅकिंग टेप लावू नका, तिच्यातून ऊन गाळून येतं आणि सगळं पिवळं दिसतं.

हेल्मेटला पुढे छज्जा असेल तर टेपची गरज नाही, तो तेच काम करतो. फक्त जोराच्या वेगात वारा त्याला धरून मान मागे ओढतो.

गॉगलचं विचारलंत म्हणून. पोलराइज्ड गॉगल ओल्या रस्त्यावरची, पाण्यावरची, पुढच्या गाडीच्या टपावरची आडवी चकाकी झकास मारतो. समोरच्या सूर्यावर त्याची खास मात्रा चालत नाही, तिथे तो साध्या गडद गॉगलइतकाच. वर काही गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा दिसतो, आणि हेल्मेटच्या काचेत इंद्रधनुषी डाग उमटतात. शिवाय रस्त्यावर सांडलेलं तेल किंवा ओल तिच्या चकाकीवरूनच लांबून ओळखू येते, तीच मारून टाकलीत तर कळणार कशी? उन्हात आपोआप गडद होणारे चष्मे तर हेल्मेटमध्ये जवळजवळ निकामी. ते अतिनील किरणांवर चालतात आणि ते किरण काच आधीच अडवते. पिवळ्या काचेने सगळं उठावदार वाटतं, ऊन कमी होत नाही.

गॉगल घ्यायचाच तर त्याची श्रेणी, म्हणजे तो किती गडद आहे याचा आकडा, बघा. श्रेणी ३ चा गॉगल ८ ते १८ टक्के उजेड सोडतो, श्रेणी ४ चा ३ ते ८, आणि तो वाहन चालवायला नाहीच. श्रेणी ३ चा गॉगल ५० टक्क्यांच्या काळ्या काचेआड घातला की डोळ्यापर्यंत पोचतात ४ ते ९ टक्के. भाऊजी हेही करतात.

आपल्याला दिसत नाही याचीच सगळे काळजी करतात. सूर्य पाठीशी असताना छान दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण तेव्हा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं. तुमची लांब सावली ज्या गाडीकडे बोट दाखवतेय, तिच्या चालकाला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला, विशेषतः तो वळायला थांबला असेल तर. आणि तुमच्या मागच्या दिव्यावर तेच ऊन पडलेलं असतं, त्यामुळे ब्रेकलाइट लागला की नाही हे मागच्याला कळत नाही. हळू होताना ब्रेकवर दोनदा टिचकी द्या.

टेपच्या मर्यादाही आहेत. वर टांगलेले सिग्नल तिच्याआड जातात, चौकात मान वर करावीच लागते. सूर्य अगदी रस्त्याला टेकला की कसलीच पट्टी उपयोगी नाही, तेव्हा थांबायचं. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यात बोटं आडवी धरा, एक बोट म्हणजे मावळायला ढोबळ पंधरा मिनिटं. विषुववृत्तापासून दूर राहत असाल तर सूर्य तिरका उतरतो, वेळ जास्त लागतो. उजेडाभोवती वलयं नव्या काचेतूनही दिसत असतील तर डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूची सुरुवात अशीही होते. काचेवर काही चिकटवायला किंवा काळी काच वापरायला तुमच्याकडे कायद्याने चालतं का, तेही बघा.

हेल्मेटच्या आत खटका दाबून खाली येणारी गडद काच असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. सावली आली की एका बोटाने वर जाते. भाऊजींना तीही सुचवून झाली. मध्यंतरी त्यांनी नवी काच आणली, पुन्हा काळीच, आणि आता म्हणतात हिच्यातून मावळतीलाही स्वच्छ दिसतं. नवी आहे, चरे पडलेले नाहीत, दिसणारच.