लोंब्या तोडणारी अळी दिवसा असते कुठे?

प्रश्न : धान कापणीला आले आहे. सकाळी बांधीत लोंब्यांचे तुकडे पडलेले दिसतात, पण दिवसा एकही अळी सापडत नाही. मक्यावरची लष्करी अळी धानावर आली का? फवारावे का?
— एक शेतकरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : आधी उंदीर नाही ना, ते पाहा. उंदीर फुटवा बुडातून तिरपा तोडतो, अळी लोंबी कुरतडून खाली पाडते. चुडाच्या बुडाशी लेंड्या दिसल्या तर अळीच समजा. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, ती लोंबीवर चढलेली दिसेल. दिवसा ती चुडाच्या बुडाशी किंवा भेगांत दडते.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी वेगळी. तिच्या कपाळावर इंग्रजी वाय उलटा असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. ती भारतात २०१८ मध्ये आली. लोंब्या तोडते ती बहुधा आपल्याकडची जुनी लष्करी अळी, शास्त्रीय नाव मिथिम्ना सेपराटा. तिच्या अंगावर लांब पट्टे असतात.

दाणे भरून पक्व झाले असतील तर फवारू नका, कापा. औषध आणि कापणी यांत किती दिवस हवेत ते लेबलवर असते. तेवढे हातात नसतील तर औषध दाण्यात उतरते. कापलेल्या कडपा बांधीत पडू देऊ नका, त्याखाली अळी लपते. धान अजून हिरवे असेल तर बांधीत पाणी भरा. अळ्या वर चढतात, पक्षी टिपतात. फवारायचेच तर संध्याकाळी, बुडापर्यंत. सकाळचा फवारा वाया जातो, कारण तेव्हा अळी खाली दडलेली असते.

चुडावर कापसासारखे पांढरे, बारीक कोषांचे झुपके दिसले तर ते चिरडू नका. कोटेशिया नावाची इवली गांधीलमाशी त्यातून निघते, अळीच्या पोटात वाढते आणि तिला मारते. १९७० च्या दशकात न्यूझीलंडने ही माशी पाकिस्तानातून नेली, ती याच अळीसाठी.

प्रश्न : मग धान नसताना ही राहते कुठे?

उत्तर : गवतावर. पाखरू फिकट तपकिरी, पुढच्या पंखावर बारीक पांढरा ठिपका. पानाच्या घडीत, खोडाला बिलगलेल्या आवरणात ओळीने अंडी घालते. अळी मातीत कोषात जाते. अंड्यापासून पाखरापर्यंत साधारण महिना लागतो. ज्वारी, मका, ऊस, धुऱ्यावरचे गवत, सगळे तिला चालते. आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती आहे आणि लांब उडते. चीनमध्ये दर वसंतात दक्षिणेकडून उत्तरेला जाते. म्हणून धुऱ्यावरचे गवत रोवणीआधी कापा. धान पोटरीवर आल्यावर गवत कापले तर अळ्या सरळ बांधीत उतरतात.