तपासणाऱ्यांना कोण तपासतं?

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या गावात राहते. टीवायबीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. बाबांची छोटी होडी आहे, आई मासळी विकते. लहानपणापासून बघतेय, तारापूरच्या अणुकेंद्राकडून माणसं येतात. कधी खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून नेतात, कधी आईकडून मासळी घेतात. विचारलं की म्हणतात, ‘तपासायला.’ एकदा मी विचारलं, ‘आणि तुम्हाला कोण तपासतं?’ ते नुसते हसले. सर, मला ते तपासणारं माणूस व्हायचंय. असं काम खरंच असतं का? त्यासाठी काय शिकावं लागेल? आई म्हणते, किरणोत्सर्गाच्या जागी मुलीच्या जातीने कशाला जायचं. तिला काय सांगू?

उत्तर : असं काम असतं. आणि तुझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या कामाबद्दल तू विचारते आहेस, ते सगळं त्याच प्रश्नावर उभं आहे.

आधी कोण कोण आहे ते समजून घे, कारण गावात सगळ्यांनाच ‘अणुशक्तीवाले’ म्हणतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, वीज बनवणाऱ्या देशातल्या त्या पहिल्या. पुढच्या दोन २००५ आणि २००६ मधल्या. केंद्र चालवतं अणुऊर्जा महामंडळ, म्हणजे एनपीसीआयएल. पाणी, माती, दूध, भाजी, मासळी गोळा करणारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राची, बीएआरसीची. केंद्रापासून साधारण ३० किलोमीटरपर्यंतच्या परिसरातून ते नमुने घेतात. आणि केंद्रावर देखरेख ठेवतं अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी. त्याची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची. केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा त्याच मंडळाची. तुझ्या मनातलं पद बहुतेक तिथलं आहे.

आता ते तपासणारं माणूस नेमकं करतं काय? यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरणं हा त्या कामाचा लहानसा भाग. खरं काम उलट्या वाटेने चालतं. अहवालातला एक आकडा घ्यायचा आणि तो आला कुठून, हे मागे मागे जात शोधायचं.

समज, अहवालात बोंबलातल्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचा आकडा आहे. तो बोंबील कदाचित तुझ्या आईच्या पाटीतला असेल. प्रयोगशाळेत त्याचा खायचा भाग वेगळा काढला, वजन केलं, ओव्हनमध्ये वाळवला, मग भट्टीत जाळून राख केली. ती राख डबीत भरून जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर ठेवली. हा डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवलेला असतो आणि भोवती शिशाची जाड भिंत असते. मोजणी तासन् तास चालते, कारण शोधायची गोष्ट अगदी थोडी असते. पडद्यावरच्या आलेखात ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेपाशी टोक दिसलं तर ते सीझियम. १४६१ पाशी जे ठसठशीत टोक दिसतं, ते पोटॅशियम-४०. ते निसर्गाचंच आहे, तुझ्या-माझ्या शरीरातही आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात त्याचे सुमारे १२ बेकेरेल असतात, म्हणजे सेकंदाला साधारण बारा अणू फुटतात.

तपासनीस इथे काय विचारतो? भट्टीचं तापमान किती ठेवलं होतं, याची नोंद दाखवा. कारण भट्टी फार तापली तर राखेतलं सीझियम उडून जातं आणि आकडा कमी येतो.

हे वाक्य पुन्हा वाच. आकडा कमी येतो. सगळे खूश होतात. कोणी तक्रार करत नाही.

दुधाचंही तसंच. दुधात आयोडीन-१३१ शोधतात, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचं. नमुना सोळा दिवस पडून राहिला तर त्यातलं आयोडीन चौथ्या हिश्शावर येतं. घेतल्याची तारीख नीट लिहिलेली असेल तर गणिताने मागे जाता येतं. तारीखच चुकीची असेल तर जाता येत नाही. हवेचं बघ. पंप फिल्टरमधून हवा ओढत असतो. लाइट गेली, पंप चार तास बंद पडला आणि नोंदवहीत पूर्ण दिवस लिहिला, तर भागाकारात हवा जास्त धरली जाते आणि पुन्हा आकडा कमी. तिन्ही ठिकाणी कोणी लबाडी केलेली नाही. ढिलाई झाली, एवढंच. पण तिन्ही वेळा ढिलाईने आकडा खालीच ढकलला. जास्त आलेला आकडा कोणीही दहा वेळा तपासतो. कमी आलेला आकडा तपासण्यासाठी वेगळं माणूस नेमावं लागतं, आणि ते माणूस तुला व्हायचंय.

उलटी बाजूही असते. सीझियम-१३७ सापडलं म्हणजे ते केंद्रातूनच आलं असं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्याची धूळ जगभरच्या मातीत बसली. अर्धायुष्य ३० वर्षांचं, त्यामुळे ती अजून सापडते. म्हणूनच कुठलंही केंद्र सुरू होण्याच्या आधी काही वर्षं त्या परिसराचं सर्वेक्षण करून ठेवतात. मग ओळखायचं कसं? सोबत सीझियम-१३४ आहे का ते बघायचं. ते अणुभट्टीत तयार होतं, बॉम्बच्या धुळीत जवळजवळ नसतं आणि दोन वर्षांत निम्मं होतं. म्हणजे ते दिसलं तर गोष्ट अणुभट्टीची आहे आणि फार जुनी नाही.

एक प्रसंग सांगतो, मुलांना मी नेहमी सांगतो. २८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे अलार्म वाजला. तो बाहेरून आत येत होता, आतून बाहेर जात नव्हता. आधी सगळ्यांना वाटलं, आपल्याच केंद्रातून गळती झाली. पण काय सापडतंय आणि वारा कुठून येतोय हे बघितल्यावर कळलं की उगम हजारभर किलोमीटर लांब, सोव्हिएत युनियनमध्ये आहे. चेर्नोबिलचा स्फोट २६ तारखेचा. मॉस्कोने तोवर जगाला काहीही सांगितलं नव्हतं. दरवाजातल्या एका चालू यंत्राने आणि ‘मशीन बिघडलं असेल’ म्हणून अलार्म बंद न करणाऱ्या माणसांनी ती बातमी बाहेर काढली.

त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि लोणी खाण्यास योग्य असल्याचं तिने सांगितलं. म्हणजे लोकांचा प्रश्न शेवटी तुझाच होता : आकडा ठीक आहे, पण सांगतंय कोण?

तो प्रश्न भारतात आजही जिवंत आहे, हे तुझ्यापासून लपवणार नाही. केंद्र चालवणारं महामंडळ आणि नमुने मोजणारं बीएआरसी, दोन्ही अणुऊर्जा विभागाचेच. नियामक मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही, अशी टीका २०१२ मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने केली आणि विषय संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. ही टीका मला योग्य वाटते. त्याच वेळी, आत बसून प्रामाणिकपणे नोंदी तपासणाऱ्या माणसांची गरज त्याने कमी होत नाही, उलट वाढते. युरोपात १९५७ चा युराटॉम हा अणुऊर्जेविषयीचा करार आहे, त्याचं ३५ वं कलम बघ. प्रत्येक देशाने हवा, पाणी, माती यांची सतत मोजणी करायची आणि ती यंत्रणा नीट चालते का, हे युरोपीय आयोगाला कधीही आत येऊन बघता यायला हवं, असं ते सांगतं. त्या भेटींचे अहवाल इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. दोन-तीन वाच. तपासनीस कपाट उघडून काय बघतो, पंपाच्या कॅलिब्रेशनची तारीख कशी विचारतो, हे कुठल्याही क्लासपेक्षा तिथे जास्त कळेल.

आता अभ्यासाचं. बीएस्सीवर थेट तपासनीस होता येत नाही आणि होऊही नये. ज्याने स्वतः राख केली नाही, त्याला दुसऱ्याची भट्टी तपासता येत नाही. त्यामुळे आधी मोजायला शीक. एमएस्सी केमिस्ट्री कर. अॅनालिटिकल घे, जिथे शक्य असेल तिथे रेडिओकेमिस्ट्रीचा पेपर निवड. आयआयटीत जायची इच्छा असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा दे, नाहीतर मुंबई विद्यापीठही उत्तम. पुढचा मुख्य दरवाजा म्हणजे बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलचा एक वर्षाचा ओसीईएस अभ्यासक्रम. १९५७ पासून हे ट्रेनिंग स्कूल चालू आहे. ६० टक्के गुण लागतात, त्या वर्षीच्या जाहिरातीप्रमाणे प्रवेश परीक्षेचा किंवा गेटचा स्कोअर लागतो आणि मग मुलाखत. मुलाखतीत पाठांतर चालत नाही. एकच मूलभूत प्रश्न धरून तळापर्यंत नेतात. निवड झाली की पगारी प्रशिक्षण आणि पुढे बीएआरसी, एनपीसीआयएल, एईआरबी अशा ठिकाणी नेमणूक. कुठे पाठवतील हे पूर्णपणे तुझ्या हातात नसेल. वयाची अट कडक असते, त्यामुळे मध्ये वर्षं वाया घालवू नकोस आणि त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच.

एमएस्सी परवडणार नसेल तर बीएस्सीवर स्टायपेंडरी ट्रेनी म्हणूनही आत जाता येतं. ते दुय्यम समजू नकोस. नमुन्यांचं रोजचं काम तीच माणसं करतात. आणि अणुकेंद्राशिवाय रुग्णालयांत, कारखान्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लागतात, तीही वाट आहे.

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी खोटी नाही, पण या प्रयोगशाळेत जे येतं ते त्यांच्याच पाटीतले मासे, गोठ्यातलं दूध आणि विहिरीचं पाणी. जे मोजायला तासन् तास लागतात, ते माणसाला इजा करण्याइतकं नसतं. निसर्गातूनच जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. केंद्राच्या आत जावं लागलं तर मात्रा मोजणारा बिल्ला लावतात, त्याची नोंद ठेवतात, आणि गरोदर स्त्रियांसाठी वेगळी कडक मर्यादा आहे. डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी त्यांना सांगणार नाही. तू आत गेलीस की त्यांना घरातलंच कोणीतरी विचारायला मिळेल.

आणि तुझ्याकडे असं काही आहे जे मुंबईच्या मुलांकडे नसतं. केंद्राचं पाणी समुद्रात जिथे सुटतं, तिथे भरतीला घेतलेला नमुना आणि ओहोटीला घेतलेला नमुना सारखा नसणार. वहीतली वेळ आणि तिथी बघून तुला पाणी कुठे होतं हे लगेच कळेल. बाकीच्यांना तक्ता उघडावा लागेल.

पुढच्या वेळी ती माणसं आईकडे मासळी घ्यायला आली की पिशवीवर काय लिहितात ते नीट बघ. तारीख, वेळ, जागा, मासा कुठल्या होडीचा, कुठल्या पाण्यातला, हे लिहिलं का? की बाजारातून घेतला एवढंच? विचारलंस तर सांगतील, चांगली माणसं असतात. काय दिसलं ते मला लिही.