'रॅव्हनस' पहिल्यांदा पाहताय?

नरभक्षणावरच्या भयपटांची सुरुवात 'रॅव्हनस'पासून (१९९९) करताय, निवड झकास आहे. फारसा कुणी नाव घेत नाही याचं. आधी एवढंच सांभाळा:

१. ट्रेलर, कथासार काही नको. १८४७ साल, मेक्सिको-अमेरिका युद्धाचा काळ, सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं बर्फाळ लष्करी ठाणं आणि तिथे येऊन कोसळणारा एक अनोळखी माणूस. इतकं पुरे.

२. हसू आलं तर हसा. नवखे इथेच फसतात. भयपट की विनोदी, हे ठरवत बसतात आणि अर्ध्यात बंद करतात. दिग्दर्शिका अँटोनिया बर्डने दोन्ही मुद्दाम एकत्र शिजवलंय. मायकेल नायमन आणि डेमन अल्बर्नचं संगीत तर ऐन पाठलागात चक्क नाचरं होतं! हेडफोन लावाच.

३. जेवताना पाहू नका. थट्टा नाही, सुरुवातच रक्ताळलेल्या स्टेकच्या मेजवानीने होते.

रॉबर्ट कार्लाइलवर लक्ष जाईलच, पण गाय पिअर्सचं गप्प राहणंही बघा. वेंडिगोची (उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी कथांमधला नरभक्षक राक्षस) दंतकथा, डॉनर पार्टीचा (सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेला स्थलांतरितांचा तांडा) खरा इतिहास, शूटिंग चालू असताना बदललेले दिग्दर्शक, हे सगळं नंतर. पाहून झालं की कळवा, मग वेंडिगोवर बोलू.