बीएस्सी फिजिक्स करताय? मग मायनर काय घेताय ते आधी सांगा

ॲडमिशनचे दिवस आले की फिजिक्सवाल्यांचे प्रश्न ढिगाने येतात, यंदाही आलेत. त्यातले चार इथे घेतलेत. (मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा.) पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मॅडम, मी संगमनेरचा, यंदा एफवाय बीएस्सीला आहे. फिजिक्स, मॅथ्स आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय, फिजिक्स मेजर करायचं नक्की आहे. पण ते क्रेडिटचं टेबल बघितलं की डोकं गरगरतं, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. सीनियर म्हणतात मायनर सोपं घे, टक्के वाढतात. मला आयआयटीत एमएस्सी करायचीय. तीन वर्षं कशी प्लॅन करू?

सगळ्यात आधी टेबलची भीती घालव. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, एवढं लक्षात ठेवलंस तर कुठला पेपर तुझा किती वेळ खाणार ते टेबल बघूनच कळेल. बाकीच्या अक्षरांपैकी एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे पर्यावरण-संविधान वगैरे, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, हे ठरलेले असतात, मन लावून करायचे पण त्यावर रात्री जागून विचार करायची गरज नाही. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह तर आपल्या फॅकल्टीच्या बाहेरचाच घ्यावा लागतो, तेव्हा तिथे इतिहास, अर्थशास्त्र, जे खरंच आवडतं ते घे. व्हीएससी आणि एसईसी हे स्किलचे पेपर, तिथे पायथॉन किंवा कुठलंही प्रोग्रॅमिंग असेल तर डोळे झाकून घे, पुढे प्रत्येक लॅबमध्ये ते लागतं.

म्हणजे खऱ्या अर्थाने तुझ्या हातातला मोठा निर्णय एकच, मायनर. आणि माझं उत्तर सरळ आहे, मॅथ्स. तीसेक वर्षं फिजिक्स शिकवताना मुलं कुठे अडतात ते बघत आलेय आणि दहातल्या आठ वेळा ती फिजिक्समध्ये अडलेली नसतात, गणितात अडलेली असतात, फक्त ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यांना वाटतं आपल्याला फिजिक्स झेपत नाही.

मी स्वतः कॉलेजात असताना गॉसचा नियम शिकले तेव्हा सरफेस इंटिग्रल काय असतं ते मला माहीतच नव्हतं, गणिताच्या तासाला तो भाग पुढच्या वर्षी होता. मी ते गोल वर्तुळवालं इंटिग्रलचं चिन्ह चित्रासारखं काढायचे, डेरिव्हेशन पाठ, मार्कही चांगले पडले, आणि बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा फ्लक्स म्हणजे नेमकं काय मोजतोय ते कळायला मला आणखी दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं अजून खटकतात मला. म्हणून प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगायचे की गणित फिजिक्सच्या एक सेमिस्टर पुढे चाललं पाहिजे, मागे नाही, बरोबरीनेही नाही.

आता हे तुझ्या टेबलात कसं बसवायचं ते बघ. पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्स असतं, त्याला डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर लागतात, ते बारावीचं आहे पण गंज चढलेला असतो, तो दिवाळीच्या आधी घासून काढ आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह सुरू कर, कारण थर्मोडायनॅमिक्समध्ये ते पावलोपावली येतात आणि "कुठली राशी स्थिर धरलीय" हे न कळता पुढे गेलेली मुलं मॅक्सवेल रिलेशन्सना येऊन थांबतात. मग ऑसिलेशन्स येतात. स्प्रिंगला टांगलेलं वजन, त्यावर थोडं घर्षण, थोडा बाहेरून रेटा, या एवढ्याशा गोष्टीसाठी सेकंड ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन सोडवता आलं पाहिजे, आणि ते एकदा नीट आलं की एलसीआर सर्किट फुकटात येतं कारण इक्वेशन तेच, फक्त वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमच्या आधी व्हेक्टर कॅल्क्युलस, म्हणजे ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल आणि गॉस-स्टोक्सची प्रमेयं. क्वांटमच्या आधी मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, कॉम्प्लेक्स नंबर आणि फुरिए. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या आधी प्रोबॅबिलिटी, परम्युटेशन-कॉम्बिनेशनपासून नीट.

बहुतेक विद्यापीठांत फिजिक्सवाले स्वतःच मॅथेमॅटिकल मेथड्सचा पेपर लावतात, तो चांगलाच असतो पण त्यात हे सगळं एका सेमिस्टरमध्ये पळवत नेतात आणि ते ज्या विषयाला लागणार तो विषय शेजारच्या वर्गात त्याच वेळी सुरू असतो. मॅथ्स मायनर असेल तर तेच तुला सावकाश, सिद्धतेसकट मिळतं. मायनर त्याच फॅकल्टीतला दुसरा विषय घेता येतो त्यामुळे नियमाची अडचण नाही, अडचण येते ती कॉलेजच्या टाइमटेबलची, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन विचार की फिजिक्स मेजर मॅथ्स मायनर ही जोडी तुमच्याकडे प्रत्यक्षात चालते का.

सीनियर म्हणतात ते टक्क्यांचं खोटं नाहीये, सोप्या मायनरने सीजीपीए वर जातो. पण तुला आयआयटीत जायचंय म्हणजे जॅम, तिथल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, द्यायचीय, आणि जॅम तुझा सीजीपीए विचारत नाही. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, त्यातले २० प्रश्न असे की पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा. फिजिक्सच्या पेपरच्या सिलॅबसमधला पहिलाच भाग मॅथेमॅटिकल मेथड्स आहे, मग मेकॅनिक्स, वेव्ह्ज-ऑप्टिक्स, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, थर्मो, मॉडर्न फिजिक्स, सॉलिड स्टेट-इलेक्ट्रॉनिक्स. तो सिलॅबस आजच प्रिंट काढून भिंतीवर लाव आणि प्रत्येक सेमिस्टर संपला की झालेल्या भागावर टिक कर, तिसऱ्या वर्षी क्लास लावायची वेळच येणार नाही कदाचित. शिवाय ॲडमिशनच्या वेळी काही संस्था पदवीला गणित किती सेमिस्टर होतं तेही बघतात. हे आत्ता ठरवायचं असतं, तेव्हा मागे जाऊन मायनर बदलता येत नाही.

प्रॅक्टिकलबद्दल एकच सांगते. जर्नल सर्टिफाय होणं म्हणजे प्रॅक्टिकल येणं नाही. न्यूटन्स रिंग्जची रीडिंग आदल्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली तर सोडियमची वेव्हलेंग्थ ५८९३ अँगस्ट्रॉम बरोब्बर येते आणि शिकणं शून्य. तुझी ६१०० आली तर ती लिही आणि खाली लिही की का आली असेल, मायक्रोस्कोपचा बॅकलॅश होता की रिंग मोजताना चुकलास. एरर ॲनालिसिस हाच पुढे संशोधनाचा पाया आहे. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जाऊन ये, तुझ्या हायवेवरच्या नारायणगावजवळच आहे, तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्या दिवसांत लोकांना बघायला खुल्या करतात. फुरिए कशाला शिकायचं हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडत नाही.

प्रश्न : आम्ही लातूरचे. मुलाने बारावीला चांगले मार्क घेतलेत, इंजिनिअरिंगला सहज लागेल, पण तो फिजिक्सच करायचं म्हणतोय. आमच्या घरात कुणी या लाइनला गेलेलं नाही. नातेवाईक म्हणतात वाया जाईल. खरं काय ते सांगा.

तुमची काळजी खरी आहे म्हणून खरंच सांगते. नुसत्या बीएस्सी फिजिक्सवर, पुढे काही न करता, चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. हा रस्ता कमीत कमी पाच वर्षांचा धरून चाला, बीएस्सी आणि एमएस्सी, संशोधनात जायचं तर त्यापुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं, मात्र त्यात फेलोशिप मिळते, घरून पैसे लागत नाहीत. हे गणित घरात बसून मोकळेपणाने बोला, मुलालाही ते माहीत असू द्या.

पण "वाया जाईल" हे मला मान्य नाही. एमएस्सी फिजिक्सवर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलला अर्ज करता येतो. हॉस्पिटलमधल्या रेडिएशनच्या मशीन सांभाळणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात, त्यांचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा एमएस्सी फिजिक्सनंतरच होतो. नेट-सेट करून प्राध्यापकी आहे. बीएस्सीवरच हवं असेल तर विमानतळावरचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या त्या भरतीला फिजिक्स आणि मॅथ्ससह बीएस्सी चालते. (बघा, इथेही मॅथ्स आलंच, वरचं उत्तर त्याला वाचायला द्या.) आणि मन बदललं तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो, बारावीला मॅथ्स असलं की. म्हणजे दार बंद होत नाहीये.

तो एवढा हुशार आहे तर साधी बीएस्सी एवढाच पर्याय धरू नका. पुण्याच्या आयसरला (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) बीएस-एमएस पाच वर्षांचं आहे, त्याची वेगळी परीक्षा असते, आयएटी. मुंबईत कालिनाला सीईबीएस आणि भुवनेश्वरला नायसर या तशाच संस्था, या दोन्हींना नेस्ट नावाची परीक्षा. यंदाच्या तारखा गेल्या असतील तर त्यासाठी वर्ष ड्रॉप घ्यायचा हट्ट मात्र धरू नका, चांगल्या लॅबचं जवळचं कॉलेज बघा, तिथून जॅम देऊन त्याच तोडीच्या संस्थेत एमएस्सीला जाता येतं आणि दरवर्षी मुलं जातातही. आणि एक सांगू का, गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होतेय, २०२३ साली केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केलेत. आपल्या मराठवाड्यात. एकदा गाडी काढून मुलाला घेऊन त्या बाजूला जाऊन या आणि येताना त्यालाच विचारा की लहर पकडतात म्हणजे काय करतात. तो कसा सांगतोय ते ऐका, तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न : ताई, मी कुडाळची. अकरावी-बारावीला बायो घेतलं, मॅथ्स नव्हतं, नीटसाठी. आता कळतंय की मला फिजिक्सच आवडायचं. उशीर झाला का?

उशीर नाही झाला गं, पण काम वाढलंय. बारावीला मॅथ्स नसेल तर पुष्कळ कॉलेजं फिजिक्स मेजर देत नाहीत, काही देतात, हे प्रत्येक कॉलेजच्या माहितीपुस्तकात बघावं लागेल. तुला माझा सल्ला असा की एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) बारावीचं मॅथ्स एवढा एकच विषय देता येतो, तो भरून टाक. वर्ष गेलं असं समजू नकोस, त्या वर्षात कॅल्क्युलस असं पक्कं कर की वर्गातल्या पीसीएमवाल्यांनी तुला विचारायला यावं. आयसरच्या आयएटीला बायोही असतं, चारही विषयांचे १५-१५ प्रश्न, म्हणजे तुझी दोन वर्षं तिथे उपयोगी पडतील. आणि बायोफिजिक्स हे सुंदर क्षेत्र आहे, तिथे तुझ्यासारखी मुलं हवीच असतात, ते आत्ता ठरवू नकोस पण मनात असू दे.

प्रश्न : टीवायला आहे. चौथं वर्ष ऑनर्स करू की तीन वर्षांवर थांबून एमएस्सी?

दोन्ही रस्ते शेवटी साधारण तेवढ्याच वर्षांचे आहेत, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. फरक आहे तो चौथ्या वर्षी तुला काय मिळणार त्यात. ऑनर्स विथ रिसर्च करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि तुझ्या डिपार्टमेंटला गाइड करू शकणारं कुणीतरी लागतं. तेव्हा एचओडींना तीन गोष्टी विचार, चौथ्या वर्षी प्रोजेक्ट कुणाकडे असेल, लॅबमध्ये त्यासाठी कुठलं उपकरण चालू स्थितीत आहे, आणि क्लासिकल, क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स हे वरच्या पातळीचे पेपर कोण शिकवणार. तिन्हींची नावानिशी उत्तरं मिळाली तर राहा. नाही मिळाली तर जॅम आणि सीयूईटी पीजी (केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा) दोन्हीचे फॉर्म भर आणि जॅमचा फॉर्म टीवायच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच निघतो हे विसरू नकोस, परीक्षा फेब्रुवारीत असते आणि दरवर्षी कुणी ना कुणी फॉर्मची तारीख गेल्यावर मला विचारतं.